औषधाच्या डबीवरची सरकारी पट्टी

एक शिलिंग दीड पेनी. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले इंग्लंडमधले कुठलेही वर्तमानपत्र घ्या, तयार औषधांच्या जाहिरातींत ही किंमत पुन्हा पुन्हा दिसते. पित्ताच्या गोळ्या असोत, खोकल्याचे औषध असो की जखमेवरचे मलम, लहान डबीचा भाव ठरलेला. त्यातला एक शिलिंग, म्हणजे बारा पेनी, औषधवाल्याचा आणि दीड पेनी सरकारचा. घटक गुप्त ठेवून विकल्या जाणाऱ्या अशा औषधांवर ब्रिटिश सरकारने १७८३ पासून मुद्रांक शुल्क लावले होते. ते भरल्याची खूण म्हणून डबीवर किंवा बुचावर छापील कागदी पट्टी चिकटवत. ती फाडल्याशिवाय डबी उघडत नसे. आत काय आहे हे सरकारने कधी तपासले नव्हते, पण घेणाऱ्याला वाटे की ज्या अर्थी सरकारचा शिक्का आहे त्या अर्थी औषध खात्रीचे असणार. औषधवाले हा समज दूर तर करत नसतच, उलट ‘सरकारी शिक्का पाहून घ्या’ असे जाहिरातीत ठळकपणे छापत.

त्या काळातल्या औषधांबद्दल आणि घरगुती वस्तूंबद्दल हल्ली बरेच काही वाचायला मिळते. तान्ह्या बाळांना अफू पाजणारे लोक, भिंतींना आर्सेनिकचा हिरवा कागद लावणारे लोक. वाचणारा थक्क होतो, थोडा हसतो, आपण त्या काळात जन्मलो नाही याचे समाधान मानतो आणि पुढे जातो. मला हे हसणे अन्यायाचे वाटते. ते लोक अडाणी होते आणि विज्ञान आले तसे शहाणे झाले, एवढी सरळ ती कथा नाही. बहुतेक प्रकरणांत धोका काय आहे हे डॉक्टरांना, कारखानदारांना, संपादकांना आणि खासदारांना पुरेसे आधी ठाऊक होते. ठाऊक होणे आणि थांबवणे यांत जी वीस, तीस, पन्नास वर्षे गेली, ती कोणाच्या सोयीसाठी गेली, हा विचारायचा प्रश्न आहे.

अफूपासून सुरुवात करू, कारण सर्वाधिक टिंगल त्या आयांचीच होते. गॉडफ्रेज कॉर्डियल हे काकवीसारख्या पाकात अफू कालवलेले पातळ औषध. रडणारे मूल त्याने गप्प होई, झोपी जाई. मँचेस्टर, नॉटिंगहॅमसारख्या गिरणीगावांत ते किराणा दुकानातही मिळायचे. बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत बाईला मागावर परत जावे लागे, नाहीतर मजुरी बुडे. मूल शेजारच्या म्हातारीकडे, तीही पाचसहा पोरे सांभाळणारी. बारा-बारा तास ती पोरे शांत कशी राहणार? चमचाभर औषध देऊन. झोपलेले मूल दूध मागत नाही, म्हणून ते वाळत जाई. डॉक्टर त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर अशक्तपणा लिहीत आणि अफूचे नाव कुठेच येत नसे.

१८६४ मध्ये डॉ. हेन्री ज्युलियन हंटर यांनी ग्रामीण भागातल्या बालमृत्यूंवर सरकारला अहवाल दिला. पूर्व इंग्लंडच्या फेन्स या पाणथळ प्रदेशात शेतावर टोळ्यांनी राबणाऱ्या बायकांची मुले कशी मरतात, हे त्यात आहे. त्या भागात हिवताप घरोघरी होता. अफूने थंडीची हुडहुडी आणि अंगदुखी खरोखर कमी होई, म्हणून मोठी माणसे ती घेत आणि मुलांनाही देत. म्हणजे मागणीमागे दोन खरी कारणे होती, आजार आणि कामाचे तास. बाळंतिणीला चार आठवडे कामावर घेऊ नये एवढा साधा नियम कारखान्यांसाठी व्हायला १८९१ साल उजाडले.

हीच गोष्ट पुढे आपल्या गिरणगावात घडली. मुंबईच्या कापड गिरण्यांत जाणाऱ्या बायका मुलाला बाळगोळी देत. गोळीत अफू असे. मूल चाळीच्या खोलीत किंवा गिरणीच्या आवारात निपचित पडून राही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सरकारसाठी पाहणी करणाऱ्या डॉक्टरांना ही सवय कामकरी बायकांत सर्वत्र आढळली. मँचेस्टरच्या बाईने लालबागच्या बाईला हे शिकवले नव्हते. यंत्रे, पाळ्या आणि मजुरीचा हिशेब सारखा होता, म्हणून उपायही सारखाच निघाला. शिवाय ज्या मुंबई बंदरातून माळव्याची अफू जहाजे भरभरून चीनला गेली, तिथे अफूला तोटा कसला? या बायकांना अडाणी म्हणण्याआधी त्यांच्या जागी उभे राहून दुसरा कोणता मार्ग होता ते सांगावे. मला तरी दिसत नाही.

हिंदुस्थानाशी जोडलेले दुसरे औषध म्हणजे क्लोरोडाइन. जॉन कॉलिस ब्राऊन या लष्करी डॉक्टरने ते १८४८ मध्ये इथे असताना पटकीवर तयार केले. अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म ही त्यातली मुख्य द्रव्ये. इंग्लंडमध्ये ते सर्दी-खोकल्यापासून निद्रानाशापर्यंत सगळ्यावर विकले गेले, आणि साहेबांच्या औषधपेटीतून पुन्हा इकडे आले. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी: ते लागू पडायचे. जुलाब थांबत, खोकला दबत असे, दुखणे कमी होई. लोकांचा विश्वास अनुभवातून आला होता. पण बाटलीत काय आहे हे कळत नसल्याने किती घ्यावे, कोणाला देऊ नये आणि सवय लागली तर काय करावे, हेही कळत नव्हते. व्यसन लागलेल्याला आपण अफूच्या आहारी गेलो आहोत याचा पत्ताच नसे.

त्या काळी डॉक्टरकडे जाणे हा चांगला पर्याय होता, असेही समजू नये. शतकाच्या पूर्वार्धात नामांकित डॉक्टर रक्त काढत, पाऱ्याचे कॅलोमेल देत, आणि एका भेटीत मजुराची बरीच कमाई घेऊन जात. त्यापुढे एक शिलिंग दीड पेनीची डबी सौम्य, स्वस्त आणि मानाची वाटे.

कायदा केला गेलाच नाही असे नाही. तो कसा केला गेला हे मात्र बघण्यासारखे आहे. १८५१ च्या कायद्याने आर्सेनिक विकताना खरेदीदाराची नोंद आणि सही घेणे सक्तीचे झाले. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नवऱ्याला विष घालणारी बायको होती, कारण वर्तमानपत्रे तशा खटल्यांनी भरलेली होती. विष कोणी विकावे, दुकानात कसे ठेवावे, कारखान्यात किती वापरावे याबद्दल त्यात काही नव्हते. सात वर्षांनी, ३० ऑक्टोबर १८५८ रोजी, ब्रॅडफर्डच्या बाजारात विल्यम हार्डेकर या फेरीवाल्याने पेपरमिंटच्या गोळ्या विकल्या. साखर महाग होती, तिच्यावर करही होता, म्हणून मिठाईवाले तिच्यात चुन्याची निरुपद्रवी भुकटी मिसळत. ती आणायला गेलेल्या माणसाला औषधवाल्याच्या शिकाऊ मदतनिसाने माळ्यावरच्या दुसऱ्याच पिंपातून बारा पौंड पांढरी पूड काढून दिली. ते आर्सेनिक होते. गोळ्या बनवणारा कारागीर काम करता करताच आजारी पडला. गोळ्यांचा रंग वेगळा दिसतो म्हणून हार्डेकरने भाव पाडून घेतला, आणि विकल्या. वीसएक माणसे मेली, त्यांत मुले बरीच. दोनशेहून अधिक आजारी पडली.

खटला उभा राहिला, पण शिक्षा कोणालाच झाली नाही. त्या साखळीतल्या एकानेही तेव्हाच्या कायद्याने गुन्हा म्हणावे असे काही केले नव्हते. साखरेत भुकटी मिसळणे हा रिवाज होता, शिकाऊ पोराने विष तोलणे यालाही बंदी नव्हती. भेसळीबद्दल तोवर अंधार होता, असेही म्हणता येत नाही. डॉ. आर्थर हिल हॅसल यांनी १८५१ ते १८५४ या काळात लंडनच्या दुकानांतले पदार्थ सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निकाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात दुकानदारांच्या नावानिशी छापले होते. पावात तुरटी, मिठाईत शिशाचे आणि तांब्याचे रंग, सगळे चव्हाट्यावर होते. तरी भेसळीविरुद्धचा पहिला कायदा ब्रॅडफर्डनंतर, १८६० मध्ये आला आणि तोही बिनदाताचा. दात असलेला कायदा यायला १८७५ साल लागले.

१८६८ च्या फार्मसी कायद्याने विषारी द्रव्यांची विक्री नोंदणीकृत औषधविक्रेत्यांपुरती ठेवली, अफूच्या बाटलीवर ‘विष’ असे लिहिणे सक्तीचे केले. पुढच्या काही वर्षांत अफूने होणारे नोंदलेले बालमृत्यू घटले. लेबलाने फरक पडतो याचा हा पुरावा आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. पण याच कायद्यात एक वाट मोकळी ठेवली होती: पेटंट औषधांना, म्हणजे घटक गुप्त ठेवून विकल्या जाणाऱ्या त्या तयार औषधांना, तो लागू नव्हता. ज्या बाटल्यांत काय आहे हे कोणालाच माहीत नव्हते, नेमक्या त्याच सुटल्या. क्लोरोडाइनवर ‘विष’ हा शब्द यायला १८९० च्या दशकातला न्यायालयीन निकाल लागला. ही सूट कोणाच्या नजरचुकीने राहिली असे मी मानत नाही. दीड-दीड पेन्यांची बेरीज विसाव्या शतकाच्या आरंभी वर्षाला तीन लाख पौंडांच्या आसपास पोचली होती. ज्या धंद्यातून तिजोरी भरते, त्याच्या बाटलीत डोकावून बघायची घाई कोणत्या खात्याला होईल?

घरातल्या वस्तूंकडे वळले की हाच प्रकार आणखी स्पष्ट दिसतो. आर्सेनिकयुक्त हिरवा रंग भिंतीच्या कागदात, कापडात, खेळण्यांत, टोपीवरच्या पानाफुलांत होता. लंडनमध्ये मॅटिल्डा शॉयरर ही एकोणीस वर्षांची मुलगी कृत्रिम पानांवर ही हिरवी भुकटी भुरभुरायचे काम करी. नोव्हेंबर १८६१ मध्ये ती मेली. तिला हिरव्या उलट्या झाल्या, डोळ्यांचा पांढरा भागही हिरवट झाला होता. त्यानंतर रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट हॉफमन यांनी एका शिरोभूषणाची पाने तपासली आणि एवढ्यात वीस माणसे मरतील इतके विष आहे असे ‘टाइम्स’मध्ये लिहिले. हे १८६२ साल. तरीही आर्सेनिकच्या भिंतीकागदावर ब्रिटनने कधीच बंदी घातली नाही. गिऱ्हाईक बिचकू लागले तसा तो हळूहळू मागे पडला. ज्यांच्या नक्षीचे आजही कौतुक होते ते विल्यम मॉरिस काही काळ डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स या खाण कंपनीचे संचालक होते, आणि ती तांब्याबरोबर आर्सेनिकही काढी. १८८५ च्या एका पत्रात त्यांनी या सगळ्या भीतीची तुलना चेटकिणींच्या भयाशी केली. कामगारांच्या हक्कांसाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसालाही आपल्या मिळकतीचा उगम दिसला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

काड्यापेटीची गोष्ट तर याहून कठोर आहे. कुठेही घासली की पेटणाऱ्या काडीत पांढरा फॉस्फरस असे. कारखान्यात त्याच्या वाफेने कामगारांचा जबडा सडे. लाल फॉस्फरसची सुरक्षित काडी बनवण्याचे ब्रिटनमधले हक्क ब्रायंट अँड मे कंपनीने १८५५ मध्येच विकत घेतले होते. म्हणजे पर्याय हाताशी होता. तरी स्वस्त काडीसाठी पांढरा फॉस्फरस चालू राहिला. जुलै १८८८ मध्ये लंडनच्या बो भागातल्या कारखान्यातून सुमारे चौदाशे बायका आणि मुली काम टाकून बाहेर पडल्या. त्यांची मजुरी, दंड आणि हाल वेशीवर टांगणाऱ्या अ‍ॅनी बेझंट पुढे हिंदुस्थानात आल्या आणि होमरूलच्या चळवळीमुळे आपल्याला परिचित झाल्या. संपात मजुरीच्या मागण्या मान्य झाल्या, फॉस्फरस राहिला. जबडा सडल्याची सतरा प्रकरणे, त्यांत सहा मृत्यू, दडवल्याबद्दल १८९८ मध्ये कंपनीला दंड झाला तो पंचवीस पौंड आणि वर काही शिलिंग. बंदीचा कायदा १९०८ चा, आपल्याकडचा १९१३ चा. विकत घेतलेला सुरक्षित मार्ग त्रेपन्न वर्षे पडून राहिला, आणि काडी ओढणाऱ्या गृहिणीला त्यातले काहीच दिसत नव्हते.

यात वर्तमानपत्रांचा वाटा मोठा आहे. तयार औषधांच्या जाहिराती हा त्यांचा खात्रीचा महसूल होता. गोळ्या आणि मलम विकणारा थॉमस होलोवे वर्षाला हजारो पौंड केवळ जाहिरातींवर खर्च करी, आणि त्या जगभर छापून येत. १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने गाजलेल्या गुप्त औषधांचे पृथक्करण करून पुस्तक काढले. बीचमच्या गोळ्या त्यांतल्याच एक. त्यांत काळा बोळ, सुंठ आणि साबण निघाला. छप्पन्न गोळ्यांच्या डबीतल्या मालाची किंमत अर्धी फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा. विक्रीची किंमत तीच, एक शिलिंग दीड पेनी. शंभरपटीहून जास्त. अनेक वर्तमानपत्रांनी या पुस्तकाची जाहिरात घ्यायलाच नकार दिला. अमेरिकेत तर औषध कंपन्यांच्या जाहिरात करारांत असे कलम असे की राज्यात औषधांविरुद्ध कायदा झाला तर करार रद्द. तिथल्या पत्रकारांनी ते १९०५ मध्ये उघडकीला आणले. असे कलम सहीनिशी मान्य केलेला संपादक त्या कायद्याच्या बाजूने अग्रलेख लिहील का?

ब्रिटनमध्ये संसदेच्या निवड समितीने दोन वर्षे साक्षी काढल्या. कोणीही कोणतेही मिश्रण बनवून, कोणत्याही रोगावर म्हणून विकले तरी ब्रिटिश कायदा ते रोखायला व्यवहारात असमर्थ आहे, असा तिचा निष्कर्ष होता. अहवाल आला ४ ऑगस्ट १९१४ रोजी. त्याच दिवशी ब्रिटन महायुद्धात उतरले. घटक छापण्याची सक्ती आणि त्या मुद्रांक शुल्काची अखेर या दोन्ही गोष्टी एकाच कायद्याने झाल्या, १९४१ मध्ये. सरकारचा वाटा संपला तेव्हाच लेबल खरे झाले, हा योगायोग मला वाटत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: लोकांना आपले हित कळते, फसवणूक झाली तर न्यायालये आहेत. कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो तो कार्लिल खटला इथे आठवतो. कार्बोलिक स्मोक बॉल हा नाकाने हुंगायचा रबरी गोळा. तो दोन आठवडे, दिवसातून तीन वेळा वापरूनही इन्फ्लुएंझा झाल्यास शंभर पौंड देऊ, आणि त्यासाठी बँकेत हजार पौंड ठेवले आहेत, अशी कंपनीची जाहिरात होती. लुईझा कार्लिल यांनी तो वापरला, त्यांना इन्फ्लुएंझा झाला, त्या भांडल्या आणि १८९२ मध्ये जिंकल्या. करार कायद्यात हा निकाल थोर आहे. पण न्यायालयापुढे प्रश्न वचनाचा होता. गोळ्याने आजार टळतो की नाही, हा नव्हता. निकालानंतर कंपनीने अटी वाढवून दोनशे पौंडांची नवी जाहिरात काढली. चिकाटीच्या एका बाईला पैसे मिळाले, विक्री चालू राहिली. एकट्यादुकट्याच्या दाव्यांनी असा धंदा थांबत नाही. आणि ज्याचे मूल गेले त्याने कोणत्या वचनावर दावा लावायचा?

दुसरा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. बंदी घातली की गरिबाचा स्वस्त आधार जातो. हे खरे आहे, आणि म्हणूनच बाळंतपणाची रजा, पाळणाघर आणि परवडणारा डॉक्टर यांशिवाय नुसत्या बंदीला मी पुरेसे म्हणणार नाही. पण घटक सांगण्याच्या सक्तीने गरिबाचे काहीही जात नाही. त्याने फक्त लपवणाऱ्याचे जाते.

आपल्याकडे १९५४ पासून जादूई उपायांच्या जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. मधुमेह, कर्करोग यांसारख्या रोगांवर हमखास इलाजाचा दावा छापणे त्याने गुन्हा ठरते. तरी लोकलच्या डब्यातली चिकटपत्रे आणि रात्रीच्या वाहिन्यांवरचे कार्यक्रम बघा. २०१८ मध्ये आयुर्वेदिक आणि युनानी औषधांच्या जाहिरातींना राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागेल असा नियम १७० आला. २०२३ मध्ये आयुष मंत्रालयाने राज्यांना त्याखाली कारवाई करू नका असे कळवले, २०२४ मध्ये तो नियमच वगळला. सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली, पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते प्रकरणही बंद झाले. वैद्यकाच्या कोणत्याही शाखेशी माझे वैर नाही. आयुर्वेदाची शपथ घेऊन खोटा दावा करणारा सर्वांत जास्त नुकसान आयुर्वेदाचेच करतो.

ॲलोपॅथीच्या दुकानातही ब्रॅडफर्ड संपलेले नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात औषधी ग्लिसरीनच्या जागी औद्योगिक ग्लिसरीन गेले, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते, चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून मंत्रालयापर्यंतची साखळी उलगडून दाखवली. तेच द्रव्य २०२२ मध्ये गांबियात, २०२५ मध्ये छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून मुलांच्या पोटात गेले. छिंदवाड्याची कितीतरी मुले उपचारासाठी नागपूरला आणली होती. त्यांच्या आईवडिलांनी परवानाधारक कारखान्याचे, सरकारी परवाना क्रमांक छापलेले औषध घेतले होते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पातळ औषधाच्या प्रत्येक बॅचमधल्या ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल या, औषध पातळ करायला वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांच्या तपासणीचा निकाल, तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या नावासह, माल बाजारात जाण्याआधी अन्न व औषध प्रशासनाने लोकांसाठी खुला करावा, आणि बाटलीवरून तो शोधता यावा. रोग बरा करण्याचा दावा करणारी प्रत्येक जाहिरात, शाखा कोणतीही असो, मंजुरी क्रमांकाशिवाय छापली जाऊ नये. छापली तर जाहिरातदाराइतकाच ती छापणारा आणि दाखवणारा जबाबदार धरावा. आणि मराठी वर्तमानपत्रांनी अशा जाहिरातींतून दरवर्षी किती पैसे येतात, तो आकडा आपणहून वाचकांपुढे ठेवावा.